सत्तावीस नंबरची प्रत

कुमहेलिग गावच्या गायकवृंदात नेस्टा प्रोबर्ट तीस वर्षं गात आली, पण तिचा एकटीचा आवाज कुणी ऐकलेला नाही. तिला स्वतःलाही तो नीटसा माहीत नसावा. शेजारी उभ्या असलेल्या बाईचा सूर धरून ती गाते. शेजारीण खोकायला लागली की नेस्टा तोंड तसंच उघडं ठेवून थांबते, आणि खोकला संपला की दोघी मिळून पुढे जातात. यात तिला कमीपणा वाटत नाही. ‘एवढ्या मोठ्या पातेल्यात माझा चमचाभर कुणाला कळतोय,’ असं ती म्हणते.

पातेल्याची भाषा तिच्या तोंडात असायचीच, कारण गावातल्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. कुठलं पोर घरून उपाशी आलंय, कुणाच्या घरी काल भांडण झालंय, हे तिला पुढे आलेल्या ताटावरून कळे. ती कुणाला विचारत नसे. बटाट्याचा एक डाव जास्त पडे, एवढंच.

वृंदात ती शिरली ओल्वेनमुळे. ओल्वेन गावात बायकांचे केस कापायची, खोऱ्यातली निम्मी डोकी तिच्या हाताखालून गेलेली. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला, नात्याची असो वा नसो, मावशीच म्हणतात. ओल्वेनमावशीने एकदा कात्री चालवता चालवता तिला सांगितलं, ‘‘मंगळवारी संध्याकाळी चॅपेलमध्ये ये.’’

‘‘मला सूर नाही गं मावशी.’’

‘‘मला आहे ना. माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहा, तोंड उघड. बाकीचं मी बघते. आणि आता मान हलवू नकोस, कान जाईल.’’

तेव्हापासून आल्टोंच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या रांगेत त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

गाण्यात फारसा उपयोग नाही म्हटल्यावर नेस्टाने दुसरी कामं अंगावर घेतली. चहा तिचा, कपाटाची किल्ली तिची, आणि गाण्याची पुस्तकंही तिचीच. आमचा वृंद पुस्तकं विकत घेत नाही. जिल्हा वाचनालयातून चाळीस प्रती येतात, प्रत्येकीवर नंबर असतो, आणि कार्यक्रम झाला की त्या परत जातात. जाण्याआधी आतलं पेन्सिलीचं सगळं खोडून द्यावं लागतं. गाणारी माणसं पुस्तकात काय काय लिहून ठेवतात. श्वास कुठे घ्यायचा तिथे स्वल्पविराम, संचालकाकडे कुठे बघायचं तिथे चष्म्याचं चित्र. आणि कंटाळा आला की दुसरंही लिहितात. संचालक बीवनसरांचा तोच तो कोट, समोरच्या रांगेतल्या बाईचं अत्तर, आणखी काय काय.

नेस्टा हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खोडायची, पण वाचायची नाही. दुसऱ्याच्या समासात डोकावू नये, असा तिचा नेम होता. पान तिरकं धरून ती पेन्सिलीच्या रेघेवर रबर फिरवी. नजर अक्षरांवर न ठेवता खिडकीबाहेरच्या टेकडीवर ठेवी. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे मोकळेपणाने लिहीत. तिच्या या नेमाचं गावात कौतुक होतं आणि तिलाही त्याचा थोडा अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी वृंदाला एक पत्र आलं. वृंद ज्या मोठ्या संघाशी जोडलेला होता, त्यांचं. तुमच्याकडे जी आजारी, विसराळू, एकटी किंवा अधू अशी मोठी माणसं येतात, त्यांना कुणी त्रास तर देत नाही ना, हे पाहायला एक माणूस नेमा, असं त्यात होतं. एम्लिन बीवनसरांनी ते वाचून दाखवलं. सर वृंदाचे संचालक, आणि त्याआधी गावच्या शाळेतले मास्तर. समितीतल्या सगळ्यांनी त्यांच्या हाताखाली पाढे म्हटलेले. पत्र संपलं तसं प्रत्येकाला आपल्या बुटांत काहीतरी दिसू लागलं.

‘‘नेस्टा,’’ सर म्हणाले, ‘‘कपाटाची किल्ली तुझ्याकडेच असते ना?’’

‘‘हो सर.’’

‘‘मग हेही त्यातच ठेव.’’

दुसरं कुणी असतं तर त्याने ते खरंच कपाटात ठेवलं असतं. नेस्टा शहरात जाऊन दिवसभराचं शिक्षण घेऊन आली, वही भरून. कोण कुणाला गाडीतून घरी सोडतं याची यादी तिने भिंतीवर लावली. मागच्या खोलीत कुणा एकट्या म्हाताऱ्या माणसाबरोबर कुणी एकट्याने दार लावून बसू नये, असं ठरवलं. कुणी काही सांगू लागलं की ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. त्याच्या तोंडचे शब्द होते तसे उतरवायचे, आपले घालायचे नाहीत. आणि त्याला काय हवंय ते आधी त्यालाच विचारायचं. हे सगळं तिने चहाच्या वेळी उभं राहून, कानाच्या पाळ्या लाल करून, वहीतून वाचून दाखवलं. लोक तिला फौजदारीणबाई म्हणू लागले. खर्जात गाणारा ह्यू दर मंगळवारी न चुकता विचारी, ‘‘फौजदारीणबाई, मी लघवीला जातोय. एकटा गेलो तर चालेल की साक्षीदार नेऊ?’’

‘‘तुझ्याबरोबर यायला कोण तयार होईल ते बघ,’’ नेस्टा म्हणे आणि त्याच्या हातात कप देई.

दोन वर्षांपूर्वी टेरी मॉगफर्ड आला. तो टेनर होता, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज. ज्याने कधी वृंद चालवलेला नाही त्याला यातली गंमत कळायची नाही. खर्जवाले हवे तेवढे मिळतात, बायका तर रांगेत उभ्या असतात, पण टेनर मिळत नाही. आमच्याकडे तेव्हा तीन होते; एकाची छाती कोळशाच्या धुळीने गेलेली, दुसऱ्याचा खुबा बदललेला, आणि तिसरा खरं तर टेनर नव्हताच, फक्त नाही म्हणू शकला नव्हता. टेरीने पहिल्या मंगळवारी वरचा स्वर असा लावला, की बीवनसरांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवसापासून टेरीला सात खून माफ होते.

आणि तो खून करणारा वाटतही नव्हता. हसतमुख, बायकांच्या खुर्च्या उचलणारा. ओल्वेनमावशी तेव्हा अठ्ठ्याहत्तरची होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. ती विसरू लागली होती. काल काय खाल्लं ते तिला आठवत नसे. गाणं मात्र चारही कडवी पाठ. वृंदात अशा माणसाची कुणाला काळजी वाटत नाही. सूर लागला म्हणजे माणूस ठीक आहे, असं आमचं गणित. टेरीने तिला गाडीतून आणायला सुरुवात केली, आणि गेल्या सप्टेंबरात त्याची भाड्याची जागा सुटली तेव्हा तो तिच्याच मागच्या खोलीत राहायला गेला. तिच्यावर लक्ष ठेवायला, असं म्हणाला.

ओल्वेनला कानाची यंत्रं लागत. मंगळवारी चॅपेलच्या दारात टेरी खिशातून एक छोटी डबी काढी आणि तिची यंत्रं स्वतःच्या हाताने तिच्या कानात बसवी. तालीम संपली की तशीच काढून घेई. ‘‘घरी हरवते हो ती,’’ तो सांगे. बायका हे बघून विरघळत. नेस्टाही विरघळली होती. भिंतीवरच्या यादीत तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : ओल्वेन, टेरीबरोबर.

मार्चचा कार्यक्रम झाला. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी नेस्टा टेबलावर चाळीस प्रती मांडून बसली. सव्विसावी झाली, सत्ताविसावी घेतली. ती ओल्वेनची. एक्केचाळिसाव्या पानावरची पेन्सिल काही जाईना. एवढी दाबून लिहिलेली, की कागदाला चर पडलेला. रबर दोनदा फिरवूनही अक्षर तसंच. किती राहिलंय बघायला नेस्टाने पान खिडकीकडे धरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या समासातलं वाचलं.

‘कान टेरीजवळ. मंगळवारीच मिळतात.’

तिने पान उलटलं. मग सगळीच पानं उलटली.

‘ग्वेनेथ म्हणते फोन करते. वाजलेला ऐकू येत नाही.’ ग्वेनेथ ही ओल्वेनची मावसबहीण, शेजारच्या गावात राहणारी. पुढे एका लांबलचक सुराच्या खाली : ‘पुढच्या दाराची किल्ली नाही. विचारली की म्हणतो, तूच हरवलीस.’ आणि अगदी शेवटच्या पानावर, जिथे सगळे उभे राहून गातात तिथे : ‘नेस्टा पुस्तकं घेते. नेस्टाला.’ पुढचा शब्द नव्हता.

नेस्टाने रबर खाली ठेवलं. तिला नाताळ आठवला. डिसेंबरातल्या प्रतीतही ओल्वेनच्या पानांवर खूप पेन्सिल होती. बिचारी गिरवत बसते वाटतं, असं म्हणून तिने ती टेकडीकडे बघत बघत स्वच्छ खोडली होती. एक अक्षर मागे ठेवलं नव्हतं.

तिने हात धुतले. पानावरचे शब्द होते तसे वहीत उतरवले, तारीख घातली, आणि अशा तक्रारी पाहणाऱ्या कौन्सिलच्या ज्या खात्याचा नंबर शिक्षणाच्या दिवशी मिळाला होता तो फिरवला. तिकडे सिआन नावाची एक बाई होती. तिने शांतपणे सगळं ऐकून विचारलं, ‘‘त्यांना स्वतःला काय हवंय, हे कुणी विचारलंय का?’’

‘‘विचारणार कसं? घरी गेलो तर तो दार उघडतो. फोन तिला ऐकू येत नाही. कान फक्त मंगळवारी असतात, आणि तेव्हा तो चार हातांवर बसलेला असतो.’’

‘‘मग मंगळवारीच भेटू या,’’ सिआन म्हणाली. ‘‘मला गाता येत नाही पण.’’

‘‘मलाही येत नाही. माझ्याशेजारी उभ्या राहा.’’

त्याच दुपारी नेस्टा बीवनसरांकडे गेली. तीन आठवड्यांवर खोऱ्यांची गाण्याची स्पर्धा होती, आणि तिथे टेरी एकटा गाणार होता. सरांनी वही वाचली, बाजूला ठेवली, परत उचलली.

‘‘ती विसरते, नेस्टा. काहीच्या काही लिहिलं असेल.’’

‘‘असेलही सर.’’

‘‘माणूस चांगला आहे गं. तिचं सगळं करतो.’’

‘‘असेलही.’’

‘‘स्पर्धेनंतर बघू या की. तीन आठवड्यांनी काय होणारे?’’

नेस्टा सहसा सरांना उलट बोलत नसे. चौथीत त्यांनी तिला बाकावर उभं केलं होतं, ते ती अजून विसरली नव्हती. ‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘तिला तीन महिने मीच थांबवलंय. आता तीन आठवडे तुम्ही थांबवू नका. मी परवानगी मागायला नाही आले. संचालकांना कळवायचं असतं म्हणून कळवलं. फोन मी केलाय.’’

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून पाठमोरेच म्हणाले, ‘‘मी काय करायचं, ते सांग.’’

‘‘मंगळवारी टेनर आणि खर्जवाल्यांना मोठ्या दालनात घ्या. बायकांना मागच्या खोलीत पाठवा. अर्धा तास.’’

‘‘टेरीला काय कारण सांगू?’’

‘‘त्याचा भाग कच्चा आहे म्हणा.’’

सर वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरी वेदना होती. ‘‘त्याचा भाग अजिबात कच्चा नाहीये गं.’’

मंगळवारी त्यांनी ते सांगितलं मात्र. ‘‘टेनरमंडळी थांबा. सतराव्या पानावर फार घोळ आहे.’’

‘‘माझ्याकडून?’’ टेरी म्हणाला.

‘‘सगळ्यांकडूनच,’’ सर म्हणाले आणि पियानोचं झाकण उगाचच जोरात उघडलं. ह्यू हळूच शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘म्हातारा आज कुठल्या कुशीवर उठलाय कोण जाणे.’’

मागे चहाच्या खोलीत तिघी बसल्या. नेस्टा, ओल्वेन, आणि हातात उलटं पुस्तक धरलेली सिआन. दार अर्धवट उघडं होतं. पलीकडे मागच्या खोलीत बाकीच्या बायका आपापलं गात होत्या.

‘‘या कोण?’’ ओल्वेनने विचारलं.

‘‘कौन्सिलातून आल्यात, मावशी. मी बोलावलं. तू पुस्तकात लिहिलं होतंस ते मी वाचलं.’’

ओल्वेनने तिच्याकडे बघितलं. केस कापताना आरशातून बघायची तसंच, सरळ. ‘‘आत्ता?’’ ती म्हणाली.

‘‘आत्ता. डिसेंबरातलं मी न वाचताच खोडलं.’’

‘‘मला वाटलं, वाचलंस आणि गप्प बसलीस.’’

नेस्टाने मान खाली घातली नाही, तेवढं तिने स्वतःला करू दिलं नाही. ‘‘वाचायला हवं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘माझं चुकलं, मावशी.’’

‘‘मग मी नंतर जोरात लिहिलं,’’ ओल्वेन म्हणाली. ‘‘माझ्या लक्षात राहत नाही ना. आणि त्याच्यादेखत लिहिता येईल असं हेच एक पुस्तक. त्याला वाटे, मी श्वासाच्या खुणा करते.’’

सिआनने पुस्तक खाली ठेवलं आणि विचारलं, काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगाल का. ओल्वेनने आधी नेस्टाला विचारलं, ‘‘तू हे कुणाला सांगशील?’’

कुणालाही नाही, हे नेस्टाच्या अगदी जिभेवर आलं होतं. ‘‘सांगावं लागेल,’’ ती म्हणाली. ‘‘पण ज्यांना सांगायला हवं त्यांनाच. ह्यूला नाही.’’

ओल्वेन हसली. मग ती बोलली, मधेमधे हरवत, परत येत. टेरीने मारलं नाही, ओरडलाही नाही. तो फक्त तिच्याऐवजी सगळं करतो. दार तो उघडतो, फोन तो घेतो, ग्वेनेथला ‘झोपलीये’ म्हणून सांगतो. पुढची खोली आता त्याची झाली. तिला मागे हलवलं, तिथे ऊब नाही. आणि घरभर दिवसरात्र शांतता, पाण्याखाली असल्यासारखी.

‘‘तुम्हाला काय व्हायला हवंय?’’ सिआनने विचारलं.

‘‘माझे कान,’’ ओल्वेन म्हणाली. ‘‘किल्ली. त्याने जावं, पण त्याला तुरुंगात-बिरुंगात घालू नका, आवाज चांगला आहे त्याचा. आणि मला त्या वृद्धाश्रमात टाकू नका.’’ मग ती नेस्टाकडे वळली. ‘‘तो गेला तर मला इथे आणणार कोण? मी विसरते म्हणून काढून टाकाल का मला?’’

शिकवलेलं होतं की वचनं देऊ नयेत. पण हे नेस्टाच्या हातातलं होतं. ‘‘यादी माझ्याकडे असते,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं नाव कुठल्या गाडीत लिहायचं, तेवढं मला सांगायचं.’’

तालीम संपली. कोट चढू लागले. टेरी डबी उघडून हसत आला, ‘‘चला राणीसाहेब, कान आणा इकडे.’’

ओल्वेनने दोन्ही हात कानांवर ठेवले. ‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘माझे आहेत.’’

आवाज मोठा नव्हता, पण आल्टो बाईचा आवाज रिकाम्या होत चाललेल्या चॅपेलमध्ये पोचतो. ह्यूचा एक हात कोटाच्या बाहीत तसाच अडकला. टेरीने सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावले. ‘‘हरवशील गं बाळा.’’

‘‘हरवीन,’’ ओल्वेन म्हणाली. ‘‘मीच हरवीन.’’

सिआन पुढे आली आणि तिने त्याला आपलं नाव, खातं सांगितलं. ओल्वेन त्या दिवशी ग्वेनेथकडे गेली. सिआनच्या गाडीत, मागे नेस्टा बसलेली. गुरुवारी सिआन आणि एक पोलीस घरी गेले. त्या घरावर टेरीचा कागदोपत्री काही हक्क नव्हता, आणि शनिवारपर्यंत तो सामान घेऊन गेला. जाताना तो बीवनसरांच्या दारात उभा राहून रडला, असं म्हणतात. मी तिच्यासाठी काय नाही केलं, म्हणाला. कदाचित त्याला ते खरंही वाटत असेल. खात्याने पुढे त्याचं काय केलं ते आम्हाला कळलं नाही, आणि नेस्टाने कळू दिलं नाही.

स्पर्धेत आमचा सहावा नंबर आला. सहाच वृंद होते. परतताना बसमध्ये ह्यू मोठ्याने म्हणाला, ‘‘दहा वर्षांत मिळालेला एक टेनर फौजदारीणबाईंनी घालवला.’’ कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. पुढचे काही मंगळवार सहा-सात जण चहा न घेता घरी जात. नेस्टा कप मात्र पूर्वीइतकेच मांडी. उरलेला चहा ओतून देताना ती काय विचार करी कोण जाणे. एका मंगळवारी बीवनसर स्वतः उठून चहाच्या खिडकीशी आले, दोन कप घेतले आणि एक ह्यूच्या पुढ्यात ठेवला. ‘‘पी,’’ म्हणाले. त्याने मास्तरांचा चहा प्यायला. भिंतीवरच्या यादीत ओल्वेनच्या नावापुढे दर आठवड्याला एकेकाची गाडी लिहिली गेली, आणि मे महिन्यात त्यात ह्यूचीही गाडी होती. त्याने नाव स्वतः लिहिलं होतं, कुणाला न सांगता.

ओल्वेन आपल्या घरी परतली. एक बाई सकाळी येऊन जाते, ग्वेनेथ रोज फोन करते. नेस्टाही बुधवारी सकाळी डोकावायचं म्हणून निघे. एका बुधवारी ती लीकची कांद्यासारखी पात घातलेल्या मटणाच्या कालवणाचं झाकलेलं भांडं घेऊन चढ चढून गेली. बारीक पाऊस होता. तिने घंटी वाजवली.

आत पावलं वाजली. ‘‘कोण आहे?’’

‘‘मी, नेस्टा.’’

कुलपात किल्ली फिरली, दार बोटभर उघडलं. साखळी लावलेली होती. फटीतून ओल्वेन दिसली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

‘‘आज नको गं,’’ ती म्हणाली. ‘‘केस धुतलेत. मला आज कुणी नको आहे घरात.’’

‘‘कालवण आणलंय.’’

‘‘पायरीवर ठेव. उद्या ये. नाहीतर परवा.’’ आणि तिने दार लावून घेतलं. आतून किल्ली परत फिरली.

नेस्टाने भांडं पायरीवर ठेवलं, झाकण नीट बसलंय ना पाहिलं आणि भिजत खाली उतरू लागली. चढावर भेटलेल्या पोस्टमनने विचारलं, ‘‘काय हो, भेट नाही झाली वाटतं?’’

‘‘नको म्हणाली,’’ नेस्टा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की पोस्टमन वळून तिच्याकडे बघत राहिला.